झुपक्याची डावी बाजू

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

एकच आहे! दोनदा पाहिलं. टॉवेल बाजूला करून तिसऱ्यांदा पाहिलं. उजवीकडे गोटी आहे, डावीकडे नुसती पिशवी. रिकामी.

दिव्यानीताई ओवाळायला आली आणि आल्या आल्या पोराला माझ्या अंगावर टाकून आईजवळ चुलीपाशी बसली. म्हणून अंघोळ माझ्याकडे. प्रणित अकरा महिन्यांचा होत आला. जावळ अजून काढलेलं नाही, त्यामुळे डोक्यावर एवढा झुपका, की मागून पाहिलं तर मुलगीच वाटते. मी त्याला झुपक्या म्हणतो. ताईला आवडत नाही, म्हणूनच म्हणतो.

तर झुपक्याला तसाच नागडा ताईपुढे उभा केला. "ताई, डावी कुठी गेली?" करंजी तळता तळता, मान वर न करता ती म्हणाली, "येते ना बाबू खाली. जन्मलाच तसा. डॉक्टर म्हणे, सहा महिने वाट पाहा." सहा! आता अकरा होत आले, म्हणालो. तर म्हणते, "मग काय करू? पोस्टात जाऊन चौकशी करू का?"

आईने पोराला ओढून जवळ घेतलं, कमरेच्या काळ्या करदोड्यात दोन बोटं घालून पाहिली, आणि तो सोडून सैल बांधला. तिचं म्हणणं, करदोडा आवळ बसला की वरचं वरच अडकते. मी म्हणालो, आई, दोरा पोटावर आहे, भानगड आत आहे. "तू लाकडं मोज. लेकरातलं तुले काय समजते?"

मी वनखात्याच्या डेपोत सागवानाचे लठ्ठे मोजतो, हे खरं. पण एक आणि दोन यांतला फरक लठ्ठे मोजणाऱ्यालाही कळतो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

लोकेशभाऊजींना फोन. धानाच्या मळणीचे दिवस, ट्रॅक्टर सोडून आले नाहीत. ट्रॅक्टरचा कुठला नट कुठला हे डोळे मिटून सांगतील. पण स्वतःच्या पोराच्या अवयवाचं नाव घ्यायची वेळ आली तर — "ते काय जी रोशनभाऊ... ते आपलं... खालचं... ते तं येते ना?"

मी म्हणालो, "भाऊजी, ते म्हणजे कोणतं?"

फोन कट! रेंज गेली म्हणे नंतर. रेंज बरोबर त्याच शब्दाला गेली.

खरं तर अख्ख्या आलापल्लीत तो शब्द सरळ तोंडाने म्हणणारा पुरुष मला भेटलेला नाही. शिवी देताना मात्र सगळ्यांना येतो.

सोमवारी चंद्रपूरला नेणार आहे. ताईला सांगितलं, भाऊबिजेची ओवाळणी समज.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पहाटेची एसटी. आई, ताई, झुपक्या आणि मी. सरकारी दवाखान्यात लहान मुलांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाई बसतात. वयाने ताईएवढ्याच. आधी त्यांनी गरम पाण्यात हात धुतले, मग एकमेकांवर चोळले. म्हणाल्या, थंड हात लागला की खाली असलेलीही वर पळते. पोराला ताईच्या मांडीवर पाय पसरून बसवलं आणि कमरेपासून खाली हळूहळू बोटं सरकवत आल्या. झुपक्याला गुदगुल्या. तो खिदळतोय आणि आम्ही तिघं श्वास धरून!

मग समजावलं. काही मुलांची लाजाळू असते — थंडीत वर जाते, कोमट पाण्यात बसवलं की आपोआप खाली येते. तिची काळजी करायची नाही. ही तशी नाही. जांघेत बोटाला लागते, पण खाली आणली तरी टिकत नाही, लगेच परत जाते. पहिल्या सहा महिन्यांत उतरायची ती उतरते, नंतर बहुधा नाही. म्हणून दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करून खाली आणायची आणि तिच्या जागेवर टाक्याने बसवायची.

"अन् नाई केलं तं?" ताईने विचारलं. बाई म्हणाल्या, आत अंगाची ऊब जास्त. तिथं ती नीट वाढत नाही. पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते. पीळ पडू शकतो. मोठेपणी तिच्यात वाईट गाठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त — थोडीच, पण जास्त.

ताईचं तोंड उतरलं. पोटुशी असताना, चौथ्या महिन्यात ती एकदा घसरून पडली होती. त्यानं झालं का? पपई खाल्ली, त्यानं? बाई म्हणाल्या, कशानंच नाही, तुमच्यामुळे तर अजिबात नाही. ताई रडली. झुपक्याने तिच्या नाकातली चमकी ओढली, मग वेगळ्या कारणाने रडली.

मी बरंच विचारत होतो. किती मोठी चीर, किती दिवस, नंतर अगदी सारखं होतं का. बाई म्हणाल्या, तुम्ही वडील का? "मामा." "मामा एवढं विचारतात?" मी म्हणालो, आमच्याकडचे विचारतात.

तारीख मिळाली. १७ नोव्हेंबर.

परत येताना आई बल्लारपूरपासून आष्टीपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. मळमळते म्हणाली. एसटीत तिला कधी मळमळत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ताई सासरी गेली, गोंडपिंपरीच्या पुढे त्यांचं गाव. आणि तिथं गाडी अडली! ताईच्या सासूबाई, नीलाबाई, म्हणाल्या — "जावळाच्या आधी पोट्ट्याच्या अंगाले पातं लागन नाई."

त्यांचंही उगाच नाही. लग्नाला चार वर्षं होऊन ताईला मूल नव्हतं. गाव बोलायचं, नीलाबाई ताईला एका शब्दाने बोलल्या नाहीत. एकट्या मार्कंड्याला गेल्या आणि महादेवाला बोलून आल्या — नातू दे, त्याचे पहिले केस तुझ्या महाशिवरात्रीच्या जत्रेत उतरवते, तोवर त्याला लोखंड लावत नाही.

बरं, मागच्या जत्रेला काढायचे होते. तेव्हा पोरगा तीन महिन्यांचा, मान धरत नव्हता. येत्या जत्रेला काढावे, तर तेव्हा दुसरं वर्ष लागलेलं असेल, आणि जावळ दुसऱ्या वर्षी चालत नाही. पहिल्या नाहीतर तिसऱ्या. म्हणजे त्याच्या पुढची जत्रा. तोवर झुपक्या सव्वादोन वर्षांचा!

डॉक्टर म्हणतात दीड. महादेव म्हणतो सव्वादोन. मध्ये आम्ही.

२ नोव्हेंबर, रविवार

गेलो. भांडायलाच गेलो होतो. नीलाबाईंनी ते ओळखून आधी जेवायला बसवलं. भरल्या तोंडाने माणूस कसा भांडणार?

लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, वांग्याची भाजी. तिसऱ्यांदा वाढल्यावर मी विषय काढला. "बाई, महादेव मार्कंड्याले वर्षभर राह्यते ना? का जत्रेपुरताच येते?"

"राह्यते ना जी. त्याले कुठी जायाचं हाये?"

"मग अठ्ठावीस नोव्हेंबरले वाढदिवस. त्याच्या आधी कवाई जाऊ, जावळ काढू. पयलंच वर्ष हाये अजून. मी येतो मांडी घेऊन." जावळ काढताना पोराला मामाच्याच मांडीवर बसावं लागतं, एवढा एकच हुकमाचा पत्ता माझ्या हातात.

नीलाबाई हसल्या. गोड हसतात, तिथंच घोटाळा आहे. "रोशनभाऊ, तुमी डेपोत लिलावाले बसता ना? बोली झाल्यावर कोणी म्हणन, गुरुवारचा माल सोमवारी नेतो, आन् लठ्ठा बी दुसरा घेतो, तं चालते का?"

चालत नाही. माझ्याच धंद्यातलं उदाहरण काढून मला गप्प केलं.

मग म्हणाल्या, "तुमाले काऊन एवढी घाई? बापाले नाई, मायले नाई, मामाले!" मी म्हणालो, मामाला सुट्टी कमी असते. लोकेशभाऊजी ट्रॅक्टरखाली शिरले ते मी निघेपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

फाटकाशी सोडायला आलेली ताई हळूच म्हणाली, "तू येत जा. मी एकटीच बोलते इथी." ते ऐकून वाईट वाटलं. मळणीतला भुसा डोळ्यांत गेला म्हणून तिला सांगितलं. तिनेही मानलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आईने मुलीचा फोटो दाखवला. रंजीता, राजुऱ्याची, पतसंस्थेत नोकरीला. मी म्हणालो, कपाळ फार मोठं आहे. आई म्हणाली, "मागच्या पोरीचं लहान व्हतं म्हणे."

११ नोव्हेंबर, मंगळवार

डेपोत लिलाव. दिवसभर व्यापारी. पाठ मोडली. ताईचा फोन नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उतरली!!

ताईचा फोन दुपारी. मागे सगळं घर ओरडत होतं. सर्दीने पोरगा खोकून खोकून रडत होता, नीलाबाईंनी लंगोट बदलायला घेतला तर डावीकडे जांघेखाली टप्पोरी गाठ! हाताला मऊ लागते. "आली रे बाबू, आली! आपल्या आपण आली!"

नीलाबाईंनी लागलीच महादेवापुढे नारळ फोडला आणि गावात बुंदी वाटली. कशाची बुंदी, म्हणून विचारणाऱ्याला काय सांगितलं असेल? ताई म्हणते, "नातू सुधारला, एवढंच सांगतलं." आता गावाला वाटत असेल की अकरा महिन्यांचा पोरगा दारूबिरू प्यायचा.

भाऊजींनी स्वतः फोन केला! "रोशनभाऊ, ते... झालं जी ते." रेंज उत्तम होती.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "खरंच उतरते? इतक्या उशिरा?" मी म्हणालो, ताई तर तसंच म्हणते. आईने निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यांत ओतले.

सोमवारची तारीख त्यांनी आता सोडून दिली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाहायला गेलो. गेलो तेव्हा झुपक्या झोपलेला. लंगोट सोडला — डावी रिकामी! मी नीलाबाईंकडे पाहिलं. त्या जराही डगमगल्या नाहीत. "लाजाळू हाये. तुमच्या डॉक्टरीणबाईनंच सांगतलं ना? कवा वर, कवा खाली." माझाच धडा माझ्यावर उलटला.

तेवढ्यात तो उठला, अनोळखी मिशा पाहून रडायला लागला (मिशी नवीन आहे, आईलाही आवडली नाही), आणि खरंच, डावीकडे फुगा आला. बोट लावून पाहिलं. उजवी गोटी कशी टणक, बोटाखाली सटकते. ही मऊ. सुपारीपेक्षा मोठी. आणि जरा दाबलं तर गुडगुड!

गोटी गुडगुडते का?

कोणाला बोललो नाही. सगळे एवढे खुशीत होते. नीलाबाईंनी उरलेली बुंदी डब्यात बांधून दिली. डबा अजून उघडलेला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर बाईंना फोन लागला. आज तारीख होती, आला का नाहीत? सांगितलं, उतरली म्हणून. गुडगुडीपर्यंत पोचलो तर मध्येच थांबवलं. "ती गोटी नाही. ते आतडं आहे."

हर्निया. गोटी ज्या वाटेने उतरायची ती वाट उघडी राहते, आणि रडला-खोकला की आतडं त्या वाटेने बाहेर येतं. झोपला की परत जातं. जात राहिलं तोवर ठीक. एखाद्या दिवशी अडकलं, गाठ कडक झाली, पोरगा उलट्या करायला लागला, तर एक मिनिट घरी थांबू नका. लवकरात लवकर घेऊन या.

ताईला सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आम्ही आतड्याची बुंदी वाटली, बाबू."

नीलाबाईंनी फोन घेतला. "बुधवारी नेतो. उद्याच्याला मळणी सरते." आवाज पडलेला. पहिल्यांदाच चिडवावंसं वाटलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अडकलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार. चंद्रपूर, दवाखान्याच्या आवारात

काल एका शब्दापुढे लिहिता आलं नाही. आता सांगतो.

काल सकाळी अकराला ताईचा फोन — गाठ दगडासारखी, लाल, दूध पाजलं की उलटी. भाऊजींनी मळणी अर्ध्यात टाकली. अँब्युलन्स आली. मी डेपोतून निघालो, आईला घेतलं, एसटी. तीन तासांचा रस्ता. आई रस्ताभर माझा दंड धरून होती. मीच रडेन की काय असं तिला वाटत होतं बहुतेक. तिचं खरं होतं. भीती वाटत होती मला. आतडं अडकून राहिलं तर काळं पडतं, गोटीचंही रक्त बंद होतं, हे मी मोबाईलवर वाचून ठेवलं होतं. कशाला वाचलं!

पोचलो तेव्हा झालं होतं. डॉक्टर बाईंनी गुंगीचं औषध देऊन, पाय उंच करून, हळूहळू दाबत आतडं आत ढकललं होतं. वेळेत आणलं, म्हणाल्या. झुपक्या झोपलेला, ओठ सुकलेले, हाताला सुई. मी त्याचं पाऊल धरून बसलो. एवढंसं पाऊल, आणि त्याला नीलाबाईंनी लावलेली काजळाची तीट.

ऑपरेशन उद्याच. हर्नियाही आणि गोटीही, एकाच चिरेतून. परत अडकायच्या आत.

ताईने कोणाकडे न पाहता कागद ओढून सही केली. मग सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "मी सही केली." पाच वर्षांत तिने त्यांना न विचारता केलेली पहिली गोष्ट असावी. भाऊजींनी जमिनीकडे पाहिलं, पण म्हणाले, "मीबी केली."

नीलाबाई म्हणाल्या, "कर ना माय. मी कुठी नाई म्हणून राह्यली? लेकरू अगुदर. पर सकाळी जरासाक टाईम द्या मले."

आणि आज सकाळी पाहतो तर काय! दवाखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली इसरूभाऊ नावाच्या न्हाव्याची खुर्ची आहे. नीलाबाई त्याला आरसा-बिरसा सगळं सोडून, फक्त वस्तऱ्यानिशी आत घेऊन आल्या. नर्सबाईंनी दहा मिनिटांची परवानगी दिली, सुईचा हात सांभाळायच्या अटीवर. मग नीलाबाई मला म्हणाल्या, "रोशनभाऊ, बसा. मांडी द्या."

बसलो. पायऱ्यांपाशी, फरशीवर. झुपक्या मांडीवर.

"तोंड मार्कंड्याकडं पायजे." मार्कंडा कुठल्या दिशेला? आईने उत्तर दाखवली, इसरूभाऊने दक्षिण. भाऊजींनी मोबाईलवर नकाशा काढला: पूर्वेला, थोडं खाली. त्या दिशेला एक ऑटो उभा होता. नीलाबाईंनी ऑटोवाल्याला ऑटो काढायला लावला — महादेवाला दिसत नाही म्हणून! आणि त्याने काढला! वर टोपी काढून स्वतःही उभा राहिला.

मग नीलाबाईंनी हात जोडले आणि मोठ्याने बोलल्या, सगळ्या आवारात ऐकू जाईल असं. "महादेवा, लेकराले तुह्याकडं आणाले आता टाईम नाई. तुह्याजवळ नंदी हाये, तूच ये. जत्रेची गोष्ट व्हती, माईत हाये मले. चूक म्हणत असशीन तं माह्या नावावर मांड, त्याच्या नाई. केस जत्रेत आणून देतो तुले, एकबी ठेवत नाई."

इसरूभाऊचा हात पहिल्या बटेला थांबला होता. "चालवू का जी?" "चालव. आला तो."

ताईने ओढणी पसरली आणि सगळे केस तिच्यात घेतले. झुपक्या रडला नाही. वस्तरा चालू असताना माझ्या मिशीवर डोळे रोखून बसला होता. मीच रडलो. भाऊजी नकाशा पाहत राहिले, नकाशा केव्हाच बंद झाला होता.

वर नेलं तर दुसऱ्या नर्सबाई कागद आणि पोरगा आळीपाळीने पाहतात. "हा कोण? कालचा कुठाय?"

आता त्याला झुपक्या म्हणता येणार नाही. ताई म्हणते, बरं झालं. मी म्हणालो, सवय जाणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोन!

२२ नोव्हेंबर, शनिवार

परवा एवढाच शब्द लिहिला, पुरेसा होता. पण नोंद म्हणून — तासाभरात बाहेर आणलं. आतड्याची वाट बंद केली. गोटी जरा लहान आहे, पण रंग चांगला, रक्त चांगलं. खाली आणून पिशवीत टाक्याने बसवली. डॉक्टर बाई म्हणाल्या, वाढेल. वर्षभर मधून मधून दाखवा, आणि मोठा झाला की त्याला स्वतःला सांगा, लपवू नका. मुलांना आपल्या अंगाचं माहीत असायला हवं, म्हणजे पुढे काही वेगळं वाटलं तर ते बोलतील.

ताई म्हणाली, सांगीन. नीलाबाई म्हणाल्या, "मी सांगीन. हे तं सांगणार नाई," आणि भाऊजींकडे बोट. भाऊजी लाल झाले. मग पोराजवळ गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "बेटा, तुह्या दोन्ही गोट्या जागेवर हायेत आता." वॉर्डभर ऐकू गेलं! शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी अभिनंदन केलं.

आज घरी सोडलं. काही दिवस पाय फाकवून काही नको. तीनचाकी नको, कडेवर घेणं नको. कडेवर नको म्हटल्यावर नीलाबाईंची पंचाईत. पोट्ट्याला मग न्यायचं कसं? शेवटी त्या त्याला दोन्ही हातांवर आडवा धरून गाडीत बसल्या, लग्नातल्या मानाच्या ताटासारखा. तो टकलू, राजासारखा सगळ्यांकडे पाहत.

नीलाबाई लंगोट बदलताना दर वेळी पाहतात. दोन आहेत का ते. मी विचारलं, लिलावाला काढायच्या आहेत का? दुपट्ट्याने मारलं मला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वाढदिवस. फोनवर त्याने मला "मा" म्हटलं. ताईच्या मते ते मामातलं नव्हतं. मी माझ्यात धरलं.

आईने संध्याकाळी परत राजुऱ्याचा फोटो काढला. मी कपाळाबद्दल काही बोललो नाही. फोटो पाहून परत दिला. तिनेही फोटो ठेवून दिला. "लेकराले कसं पटकन झालं, नाई?" एवढंच म्हणाली.

५ डिसेंबर, शुक्रवार

टाके दाखवायला चंद्रपूर. झुपक्या पास.

डॉक्टर बाईंनी पहिल्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला होता. तो मी इथेसुद्धा लिहिला नाही. घरात आणखी कोणाचं असं आहे का? वडील, काका, मामा? आई म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही.

आज सगळे बाहेर गेल्यावर मी दार लावलं आणि बाईंना सांगितलं. माझी उजवी. जन्मापासून. वय अठ्ठावीस. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून काढलं, आणि छत पडलं नाही. त्यांनी मोठ्यांच्या सर्जनांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. सोमवारी सोनोग्राफी.

बाहेर आलो तर आई दाराशीच उभी. "सांगतलं?"

हो म्हणालो. तिने पदराने माझं तोंड पुसलं, भर दवाखान्यात, मिशीसकट.